डेटा सायन्स, पहिलं सत्र: २२ क्रेडिटची टोपली कशी भरावी?

नवा विदार्थी (सोमवार, रात्री ९.४०)

पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात बी.एस्सी. डेटा सायन्सला प्रवेश नक्की झालाय. विषय निवडीचा फॉर्म शुक्रवारी संध्याकाळी पाचला बंद होतो. एकूण २२ क्रेडिट. मेजरचे (मुख्य विषयाचे) ६ ठरलेले आहेत (पायथन थिअरी २, पायथन प्रॅक्टिकल २, गणित थिअरी २), आणि व्हीईसी म्हणजे पर्यावरणाचे २. बाकीचं आपण निवडायचं:

मायनर (जोडविषय), ४ क्रेडिट: संख्याशास्त्र (थिअरी २, प्रॅक्टिकल २), गणित (थिअरी ४), अर्थशास्त्र (थिअरी ४), इलेक्ट्रॉनिक्स (२ आणि २)
व्हीएससी (व्यावसायिक कौशल्य), २, प्रॅक्टिकल: एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), 'एआय टूल्स', वेब डिझाइन
एसईसी (कौशल्यवाढ), २, प्रॅक्टिकल: एक्सेल, लिनक्स
ओई (ओपन इलेक्टिव्ह), २: मानसशास्त्राची ओळख, वैयक्तिक गुंतवणूक, पुण्याचा वारसा
एईसी (भाषा), २: मराठी, हिंदी, संस्कृत
आयकेएस (भारतीय ज्ञान परंपरा), २: भारतीय गणित परंपरा, आयुर्वेद, योग

बारावी सायन्स, गणित बरं आहे, प्रोग्रामिंग शून्य. राहायला चिंचवड, कॉलेज शिवाजीनगर. सध्याचा कल: मायनर गणित, व्हीएससी 'एआय टूल्स', एसईसी लिनक्स. जाणकारांनी मत द्यावं.

---

नदीकाठ (सोमवार, रात्री १०.१५)

विषयांची नावं बाजूला ठेव, आधी तास मोज. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सत्राला १५ तास, प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे ३० तास. सत्र १५ आठवड्यांचं धरलं तर आठवड्याला अनुक्रमे १ आणि २ तास.

तुझ्या आजच्या यादीत थिअरीचे १६ क्रेडिट आहेत, म्हणजे १६ तास. प्रॅक्टिकलचे ६, म्हणजे १२ तास. एकूण २८. मायनरला गणिताऐवजी संख्याशास्त्र घेतलंस तर थिअरी १४ तास, प्रॅक्टिकल १६ तास, एकूण ३०. क्रेडिट तेवढेच, पण आठवड्याला दोन तास जादा आणि जर्नलही एक जादा. एवढ्यासाठी संख्याशास्त्र सोडू नकोस, पण हिशेब माहीत असू दे. थिअरीचं लेक्चर बुडलं तर नोट्स मिळतात. प्रॅक्टिकल बुडलं तर सही बुडते, आणि सह्या अपुऱ्या असल्या की जर्नल सर्टिफाय होत नाही.

दुसरं, ओई आणि मायनर यांत गल्लत होते. राज्याच्या २०२३ च्या शासन निर्णयानुसार ओई मेजरच्या विद्याशाखेबाहेरचाच घ्यावा लागतो, म्हणून तुझ्या यादीत तिथे विज्ञानाचं काही नाही. मायनरला ही अट नाही. शिवाय ओई दोन क्रेडिटचा पाहुणा आहे, सत्र संपलं की गेला. मायनर पुढे १८ ते २० क्रेडिटपर्यंत सोबत येतो. फॉर्मवर दोन्हींना सारखीच चौकट दिसते आणि मुलं दोन्हींवर सारखाच विचार करतात, ही खरी चूक. विचाराचा निम्मा वेळ मायनरला दे.

---

सरासरीचा शत्रू (सोमवार, रात्री ११.०२)

संख्याशास्त्र घे. पण माझ्या शब्दावर नको, अभ्यासक्रमाची पीडीएफ उघडून तिसऱ्या आणि चौथ्या सत्राची पानं बघ. पहिल्या सत्रात सगळीकडे तेच असतं: मध्य, मध्यक, बहुलक, विचलन, थोडी संभाव्यता. अकरावीत झालेलं वाटेल आणि "हे मला येतं" म्हणून मुलं मायनर बदलतात. माल पुढे आहे: नमुना निवड, आकलन (एस्टिमेशन), परिकल्पना चाचणी, समाश्रयण (रिग्रेशन). ही चार प्रकरणं तिसऱ्या-चौथ्या सत्रात तास देऊन शिकवलेली दिसली तर मायनर योग्य. तिथेही आलेख आणि सरासऱ्याच दिसल्या तर पाणी घातलेलं दूध आहे, दुसरं बघ.

प्रॅक्टिकलसह असलेलं संख्याशास्त्र का, त्याचं एक छोटं उदाहरण. २, ४, ४, ४, ५, ५, ७, ९ हे आठ आकडे घे. सरासरी ५. विचलनांच्या वर्गांची बेरीज ३२. आता याचं प्रमाण विचलन नमपायला (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) विचारलं तर उत्तर २ येतं. पँडासला (तक्त्यांची लायब्ररी) विचारलं तर २.१३८. संगणक चुकत नाही. नमपाय न सांगता ८ ने भागतो, पँडास ७ ने. पहिलं समष्टीचं (म्हणजे सगळ्यांचं), दुसरं नमुन्याचं. आर भाषा ७ ने भागते, एक्सेलमध्ये दोन वेगळी सूत्रं आहेत. पायथनच्या तासाला हा फरक "पॅरामीटर बदला" म्हणून उरकला जातो. ७ का, याचं उत्तर संख्याशास्त्राच्या तासालाच मिळतं. डेटा सायन्सचं शिक्षण या 'का' भोवतीच फिरतं, आणि ज्याला ते कळत नाही तो दोन उत्तरांपैकी सोयीचं निवडतो.

---

ओळ शून्य (मंगळवार, सकाळी ८.२०)

शत्रूसाहेबांशी अर्धा सहमत. गणित मायनर इतकं सहज निकालात काढू नये. पुढे जे शिकायचं ते सगळं मॅट्रिक्सवर उभं आहे. महाराष्ट्र बोर्डात मॅट्रिक्सचा व्यस्त काढण्यापर्यंत झालेलं असतं. आयगेन व्हॅल्यू, सदिश अवकाश, रँक यातलं काही नाही. एम.टेक.साठीच्या गेट परीक्षेत २०२४ पासून डेटा सायन्स आणि एआयचा स्वतंत्र पेपर आहे. त्याच्या सात विभागांपैकी तीन शुद्ध गणिताचे: संभाव्यता-संख्याशास्त्र, रेषीय बीजगणित, कलन आणि इष्टतमीकरण. यातला एक शत्रूसाहेबांच्या वाट्याला जातो, दोन माझ्या.

म्हणून प्रश्न असा विचार: मेजरमध्येच जे गणित आहे, त्यात रेषीय बीजगणित कोणत्या सत्रात, किती तास?

---

सरासरीचा शत्रू (मंगळवार, सकाळी ८.५५)

हा निकष मान्य. मेजरमध्ये पहिल्या चार सत्रांत रेषीय बीजगणिताला किमान ३० तास, म्हणजे दोन पूर्ण थिअरी क्रेडिट असतील, तर मायनर संख्याशास्त्र. नसतील तर गणित, आणि संख्याशास्त्राचे पेपर पुढे मेजर इलेक्टिव्हमधून मिळवायचे. उलटं जमवणं अवघड जातं. संख्याशास्त्र प्रॅक्टिकलशिवाय एकट्याने शिकताना माणूस सूत्रं पाठ करतो आणि संपलं म्हणतो.

---

नवा विदार्थी (मंगळवार, दुपारी १.१०)

पीडीएफ बघितली. मेजरचं पहिल्या सत्राचं गणित म्हणजे तर्कशास्त्र, संच, मोजणी, आलेख सिद्धांत. दुसऱ्या सत्रात रेषीय बीजगणित ३० तास, त्यात आयगेन व्हॅल्यूचा वेगळा घटक आहे. तिसऱ्यात कलन. संख्याशास्त्र मायनरमध्ये तिसऱ्या सत्रात नमुना निवड आणि चाचणी, चौथ्यात समाश्रयण. म्हणजे संख्याशास्त्र?

---

ओळ शून्य (मंगळवार, दुपारी १.३२)

हो. हत्यार खाली ठेवलं. इलेक्ट्रॉनिक्स सेन्सर-बिन्सरकडे ओढा असेल तरच.

आता व्हीएससी. 'एआय टूल्स' हे नाव बघून भुलू नकोस, एसक्यूएल घे. टूल्सच्या कोर्समध्ये कोणत्या बटणावर क्लिक करायचं ते शिकवतात, आणि ती बटणं दोन सत्रांत जागा बदलतात. एसक्यूएलची मूळ रचना १९७० च्या दशकातली आहे आणि आजही पहिल्या इंटर्नशिपच्या पहिल्या आठवड्यात तीच लागते. प्रॅक्टिकल चांगलं चाललंय की नाही हे एका गोष्टीवरून कळतं: रिकाम्या नोंदी, म्हणजे नल, किती लवकर शिकवतात. १०० विद्यार्थ्यांच्या तक्त्यात १२ जणांचा मोबाइल भरलेला नाही. सगळ्या ओळी मोजल्या तर १००, मोबाइलचा स्तंभ मोजला तर ८८. 'मोबाइल बरोबर नल' अशी अट घातली तर शून्य ओळी मिळतात, कारण नल कशाच्याही बरोबर नसतो, स्वतःच्याही नाही. त्यासाठी 'इज नल' लिहावं लागतं. सरासरी काढताना नल गुपचूप वगळला जातो. आणि 'नॉट इन'च्या यादीत एक जरी नल शिरला तरी उत्तर रिकामं. एरर काहीच येत नाही, म्हणूनच हे धोक्याचं.

सरावाला एसक्यूलाइट पुरेल. एकच फाइल, सर्व्हर नाही, पासवर्ड नाही.

---

गुणपत्रक (मंगळवार, दुपारी ३.००)

एसईसीत एक्सेल की लिनक्स? लिनक्स म्हणतील सगळे, पण कोरी पाटी असेल तर मी एक्सेल सुचवेन. पायथन, एसक्यूएल, संख्याशास्त्र प्रॅक्टिकल अशी तीन नवी यंत्रं आधीच आहेत. चौथं म्हणून कमांड लाइन घेतली की ऑक्टोबरमध्ये चारही अर्धवट. लिनक्सच्या वीसेक आज्ञा दिवाळीच्या सुट्टीत होतात.

एक्सेल मात्र नीट शिका. व्हीलुकअपचा (तक्त्यातून मूल्य शोधणारं सूत्र) चौथा भाग लिहिलाच नाही की तो जवळपासचं उत्तर देतो, तंतोतंत नाही. रोल नंबरच्या पुढचे शून्य उडतात. १५ पेक्षा जास्त अंक असलेला खाते क्रमांक टाकला तर १५ नंतरचे अंक शून्य होतात आणि परत मिळत नाहीत. आणि १०,४८,५७६ ओळींनंतर शीट संपते. 'फाइल उघडली म्हणजे सगळी आली' असं समजू नये.

---

कॉमर्सकन्या (मंगळवार, संध्याकाळी ६.४५)

माझी बारावी कॉमर्सची, गणित होतं. याच प्रकारच्या कोर्सला प्रवेश मिळालाय. सायन्सवाल्यांच्या किती मागे असेन?

---

सरासरीचा शत्रू (मंगळवार, संध्याकाळी ७.२०)

वाटतं तेवढी नाहीस, एका ठिकाणी पुढेच आहेस. तुमच्या पुस्तकात रेषीय समाश्रयण, कालश्रेणी, निर्देशांक आणि पॉयसाँ वितरण आहे. सायन्सच्या बारावीत द्विपद वितरणावर थांबतात. मॅट्रिक्स आणि विकलन तुम्हालाही आहे.

कमी आहे ते सदिश आणि रेषा-प्रतल. बालभारतीच्या संकेतस्थळावरून बारावी सायन्स गणित भाग १ ची पीडीएफ फुकट उतरव आणि सदिशांचं प्रकरण आधी कर. दोन सदिशांचा अदिश गुणाकार आणि त्यांच्यातला कोन एवढं हातात बसलं पाहिजे, पुढे 'सारखेपणा' मोजताना तेच वापरतात. त्रिकोणमितीच्या सूत्रांवर सुट्टी घालवू नकोस, फार उपयोग नाही.

---

ओळ शून्य (मंगळवार, रात्री ९.०५)

दोघांसाठी, पायथनबद्दल. 'आधी सी शिका, मग पायथन' असं घराघरात सांगतात. अभ्यासक्रमात सी नसेल तर पहिल्या सत्रात वेगळा क्लास लावू नका. दोन वाक्यरचना एकदम शिकताना एकीचे अर्धविराम दुसरीत जातात, एवढंच होतं.

पहिल्या महिन्यात अडखळायच्या जागा ठरलेल्या आहेत. इनपुटमधून येतं ते अक्षरमाला (आकडा नव्हे, मजकूर) असतं, म्हणून ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते. रेंजला १ ते १० सांगितलं की तो ९ वर थांबतो. ०.१ आणि ०.२ ची बेरीज ०.३ शी ताडून पाहिली तर 'असत्य' मिळतं, कारण हे अपूर्णांक द्विमानात नेमके बसत नाहीत. आणि सगळ्यांत चकवणारं: एक यादी दुसऱ्या नावाला दिली की नवी प्रत होत नाही, एकाच यादीला दोन नावं पडतात. एकीत बदल केला की दुसरीही बदलते.

जुपिटरमध्ये (पायथन तुकड्यातुकड्यांनी, म्हणजे सेलमध्ये, चालवायची वही) काम करत असाल तर सबमिशनच्या आधी कर्नल रीस्टार्ट करून सगळे सेल वरून खाली एकदा चालवा. सेल वरखाली चालवत बसल्यामुळे खोडलेल्या ओळीचं मूल्यही मेमरीत राहतं, आपल्या मशीनवर उत्तर येतं आणि परीक्षकासमोर एरर. शिवाय लेखी परीक्षेत प्रोग्रॅम कागदावर लिहायचा असतो. तिथे रंगही नाहीत आणि आपोआप पडणारी जागाही नाही. आठवड्यातून दोन प्रोग्रॅम पेनाने लिहा.

---

चंद्रबिंदू (मंगळवार, रात्री १०.३०)

एईसीला कोणी हात लावला नाही, म्हणून लिहितो. मराठी घ्या. गुण सोपे म्हणून नव्हे (नसतातच सोपे, र्‍हस्व-दीर्घ तपासणारा भेटला तर), तर मराठी विदा (डेटा) साफ करणारं माणूस कमी भेटतं म्हणून.

पायथनला 'पुणे' या शब्दाची लांबी विचारली तर ४ सांगतो. आपल्याला अक्षरं दिसतात दोन. प, उकार, ण, मात्रा असे चार संकेत तो मोजतो. 'क्षण'सुद्धा चारच. मराठी नावांची सीएसव्ही यूटीएफ-८ मध्ये जतन करून एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली की अनेकदा अक्षरांचं भजं होतं. पायथनमधून जतन करताना एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' दिलं की फाइलच्या सुरुवातीला एक खूण बसते आणि एक्सेल ओळखतो.

खास आपला घोळ म्हणजे 'दुसऱ्या'मधला र. काही कीबोर्ड ऱ, हलन्त, य असं लिहितात. काही र, हलन्त, अदृश्य जोडचिन्ह, य असं. पडद्यावर दोन्ही जवळपास एकसारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. गट पाडून मोजलं की 'दुसऱ्या' दोनदा येतो. युनिकोडचं नॉर्मलायझेशन चालवलं तरी हा फरक जात नाही, ही बदली आपणच लिहावी लागते.

---

नदीकाठ (बुधवार, सकाळी ७.५०)

ओई आणि आयकेएस पटकन उरकते. आयकेएसला भारतीय गणित परंपरा. छंदशास्त्राचा टीकाकार हलायुध याने दहाव्या शतकात समजावलेला मेरुप्रस्तार (आकड्यांचा त्रिकोण) आणि संख्याशास्त्रातले द्विपद सहगुणक ही एकच गोष्ट आहे, एका अभ्यासात दोन पेपर. ओईत मानसशास्त्र बरं, प्रश्नावली आणि मापनश्रेणी कशा बनतात ते कळतं. पण आवड म्हणून पुण्याचा वारसा घेतलास तरी काही बिघडत नाही.

---

गुणपत्रक (बुधवार, सकाळी ९.१५)

अर्थशास्त्राला कोणी वालीच नाही म्हणून एक ओळ. वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली मांडलेला दारिद्र्याचा अभ्यास याच शहरातल्या गोखले इन्स्टिट्यूटमधला, आणि उभा राहिला राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आकड्यांवर. तेव्हा पुढच्या सत्रात ओईत अर्थशास्त्र दिसलं तर सोडू नये.

---

दोन होड्या (बुधवार, दुपारी १२.४०)

सोबत आयआयटी मद्रासचं ऑनलाइन बी.एस. सुरू करावं का? यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकत्र करायला परवानगी दिली आहे ना. की एनपीटेल (आयआयटींचे सुटे ऑनलाइन कोर्स) पुरे?

---

नदीकाठ (बुधवार, दुपारी २.०५)

परवानगी आहे, दिवसाचे तास तेवढेच आहेत. त्यांच्या फाउंडेशन पातळीला ८ कोर्स, ३२ क्रेडिट. दर आठवड्याला मुदतीच्या असाइनमेंट, शिवाय क्विझ आणि अंतिम परीक्षा केंद्रावर जाऊन. ३० तासांच्या वेळापत्रकावर हे चढवलं तर पहिला बळी जर्नलचा जातो. पहिल्या सत्राचा निकाल बघून दुसऱ्यापासून एक-दोन कोर्सने सुरुवात करता येते.

एनपीटेल हलकं आहे. ८ आठवड्यांचा कोर्स २ क्रेडिट, १२ आठवड्यांचा ३. शिकणं फुकट, पैसे परीक्षेलाच. असाइनमेंटचे २५ आणि परीक्षेचे ७५ गुण, आणि प्रमाणपत्रासाठी २५ पैकी १० व ७५ पैकी ३० असे दोन्ही वेगवेगळे लागतात. इथे मुलं गळतात: परीक्षा देऊ म्हणतात आणि असाइनमेंट चुकवतात. क्रेडिट पदवीत धरायचे असतील तर कोर्सला नाव घालण्याआधी कॉलेजची लेखी मंजुरी घ्यायची, नंतर नाही.

आणि अपार आयडीवरचं (क्रेडिट जमा होतात तो विद्यार्थी क्रमांक) नाव, आधारवरचं आणि बारावीच्या गुणपत्रकावरचं एकदा जुळवून बघा. गुणपत्रकावर आडनाव आधी असतं, आधारवर बहुधा शेवटी. क्रेडिट बँकेत नोंद अडकली तर कारण अनेकदा एवढंच असतं.

---

नवा विदार्थी (बुधवार, रात्री ८.३०)

लॅपटॉपचं विचारायचं राहिलं. ग्राफिक्स कार्डवाला गेमिंग लॅपटॉप घ्यायला दादा सांगतोय.

---

ओळ शून्य (बुधवार, रात्री ८.५२)

दादाला गेम खेळायचाय. पहिली दोन वर्षं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, लागलंच तर गूगल कोलॅब (ब्राउझरमधून वापरायचं गूगलचं मशीन) आहे. पैसे रॅममध्ये घाल: १६ जीबी, किंवा ८ घेऊन नंतर वाढवता येईल असं मशीन. हिशेब असा, १ कोटी ओळी आणि १० स्तंभ, प्रत्येक आकडा ८ बाइट, झाले ८० कोटी बाइट, म्हणजे सुमारे ८०० एमबी. पँडास काम करताना मध्ये प्रती बनवतो, त्यामुळे याच्या दोन-तीनपट जागा हवी. वजनही बघ. चिंचवडहून मेट्रोत उभं राहून रोज न्यायचाय.

---

सरासरीचा शत्रू (बुधवार, रात्री ९.४०)

सत्र सुरू व्हायच्या आधी हात साफ करायला एक विदा सुचवतो. कॉलेज शिवाजीनगरला आहे म्हणतोस, तिथेच सिमला ऑफिसात हवामान खातं आहे. त्यांचा पाव अंशाच्या चौकटींचा दैनंदिन पाऊस १९०१ पासून उतरवून घेता येतो. १३५ गुणिले १२९ चौकटी, वर्षाची फाइल साधारण २५ एमबी. पुण्याजवळची चौकट शोधून जूनची सरासरी काढ. मग सगळ्या चौकटींची मिळून काढ. ती उणे आली तर घाबरू नकोस: समुद्रावर आणि सीमेपलीकडे जिथे नोंद नाही तिथे उणे ९९९ भरलेलं असतं. ते आधी वगळायचं. पाऊस उणे पडत नाही एवढं सामान्यज्ञान संगणकाला नसतं.

---

नवा विदार्थी (गुरुवार, सकाळी ७.१५)

सगळ्यांचे आभार. भरतोय ते असं: मायनर संख्याशास्त्र, व्हीएससी एसक्यूएल, एसईसी एक्सेल, ओई मानसशास्त्र, एईसी मराठी, आयकेएस गणित परंपरा. एक शेवटचं. एसक्यूएलच्या दोन बॅच आहेत, मंगळवारी सकाळी साडेसात आणि शनिवारी दुपारी एक. चिंचवडहून साडेसात म्हणजे जरा कठीण. शनिवार टाकू?

---

नदीकाठ (गुरुवार, सकाळी ७.४०)

मंगळवार टाक. शनिवारी सुट्ट्या, कार्यक्रम आणि स्पर्धा येतात, गणपतीत तर विचारू नकोस. बुडालेली प्रॅक्टिकल्स मग नोव्हेंबरमध्ये एकाच आठवड्यात कोंबतात. लॅबमध्ये मशीन जेवढी तेवढीच बॅच घेतात, त्यामुळे शुक्रवारी पाचची वाट न बघता आजच भर. भरल्यावर पीडीएफ उतरवून ठेव.